समोरचं दिसत नाही

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

देवगाव फाटा, ता. सेलू
शुक्रवार, दि. १८ ऑक्टोबर २०२४

चि. महारुद्र यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळी खुशाली आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. यांचा खोकला बसला. कापसाची पहिली वेचणी सुरू झाली. कोजागरीला दूध आटवलं, केशर घातलं नाही, जायफळावर भागवलं. कुणाला कळलं नाही, आणि ज्यांना कळलं ते बोलले नाहीत. कागद निकिताच्या बारावीच्या वहीतला आहे. मागच्या बाजूला रसायनशास्त्र दिसेल, तिकडे लक्ष देऊ नको.

फोन सोडून आक्का पत्र का लिहायलीय, असं तुला वाटेल. फोन केला होता मी मंगळवारी. तू म्हणालास, "बोल आक्का, गाडीत हाय." आणि माझाच आवाज मला तुझ्या गाडीतून परत ऐकू यायला लागला, देवळावरच्या भोंग्यातून आल्यासारखा. शेजारी कोण बसलंय मला कळेना. म्हणून "जेवलास का" एवढं विचारून ठेवून दिला. पत्राला भोंगा नसतो.

आधी मुद्द्याचं सांगते. वसुबारसेला निकिता पुण्याहून तुझ्या गाडीतून घरी येणार असं तुमचं मामा-भाचीचं ठरलंय. माझं एवढंच मागणं आहे की पोर गाडीत असेल तेव्हा ते बटण बंद करू नको. घाटात तर मुळीच नको. काल तिचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. म्हणाली, "आई, मामा मला घाटात गाडी चालवायला देणार आहे. सगळं बंद करून."

मी म्हटलं, "सगळं म्हणजे काय गं?"

"अगं, ते घसरू न देणारं असतं, आपोआप ब्रेक लावणारं असतं, ते. मामा म्हणतो, ते चालू असलं की गाडी कळतच नाही. मजाच येत नाही."

तव्यावरची भाकर करपली. निकिताला गाडी येते, पण येते म्हणजे यांच्या जुन्या गाडीतून ताडकळसच्या मावशीकडे जाऊन येण्याइतकी. तुझी ती लाल गाडी म्हणजे दोन दारांची, दोन माणसांची आणि बुडाला जमीन लागेल अशी. आमच्या शेजारच्या लिंबाजीनं ती पाहून विचारलं होतं, "ह्यात पोतं कुठं ठिवायचं?" तू हसला होतास. मला तेव्हापासून त्या गाडीची भीती आहे असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खरंच आहे. पण जी भीती सांगते ती वेगळी आणि रात्री जागं ठेवणारी वेगळी.

दसऱ्याच्या जेवणावरचं बोलणं आठवतं का? मला शब्दन् शब्द आठवतो, कारण पुरणपोळी वाढताना मी एकही तुकडा चुकवला नाही तसं बोलणंही चुकवलं नाही. तू म्हणालास, हल्लीच्या गाड्यांतून चालवायची मजाच गेली. आपण स्टिअरिंग फिरवायचं आणि किती वळायचं ते गाडीनं ठरवायचं. मागचं चाक जरा कुठं सुटायला लागलं की ती लगेच आवरते. शेळी दिसली की ब्रेक, पट्टा ओलांडला की टुणटुण.

हे म्हणाले, "आमचे बापू सेलूच्या बाजारातून बैलगाडीत झोपून यायचे. बैल बरोबर घरी आणायचे. खड्डा आला की सोताहून थांबायचे. बापूंची काय मजा गेली का त्यानं?"

तू म्हणालास, "दाजी, बैलाला जीव असतोय. तुमी त्याच्याशी बोलता, तो तुमच्याशी बोलतो. ही माझ्याशी बोलत न्हाई, माझ्या वतीनं बोलते."

यांनी आमटीची वाटी पुढे ओढली. मला मात्र राहवलं नाही. मी म्हटलं, "अरे, तू कंपनीत हेच तर करतोस ना? लोकांच्या गाड्या घसरू नयेत म्हणून तुला पगार. आणि सोताच्या गाडीत बसलं की पहिलं तेच बंद. म्हणजे पंगतीला वाढणारा आचारी घरून डबा आणून जेवायलाय."

हे इतके हसले की ठसका लागला. तूही हसलास, पण नंतर पानाकडे बघत म्हणालास, "तिकडं मी हजार माणसांसाठी करतो, आक्का. हितं गाडीत मी एकटाच असतो."

ते वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. आता सोडत नाही.

जेवणानंतर आपण जिंतूरच्या रस्त्याला देवीला जाऊन आलो. वाटेत सोयाबीनवर गाडी जराशी घसरली. कुणाला काही झालं नाही. मी लय भ्याले. हे मी यांना सांगितलं, निकिताला सांगितलं, आणि बचत गटाच्या बायकांनाही सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. पण तू त्या गाडीत होतास. तुझ्यापुढे ते टिकत नाही.

म्हणून नीट लिहिते.

गाडीत बसले तेव्हा पाटावर बसल्यासारखं वाटलं, पाय लांब करून. पदर दारात अडकला म्हणून तू उतरून सोडवलास. फाटा ओलांडला, रस्ता मोकळा लागला, आणि तू विचारलंस, "आक्का, बंद करू का? बघायचंय का?" आता यापुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "कर. बघू तरी." तू बटण दाबून धरलंस आणि समोर पिवळा दिवा लागला, त्यात घसरणाऱ्या गाडीचं चित्र. म्हणजे गाडीनं आधीच सांगितलं होतं पुढं काय होणार ते. मी विचारलं, "हे काय?" तू म्हणालास, "ही रुसलीय."

आणि मग महारुद्रा, काय सांगू. पहिल्या वळणाला गाडीची मागची बाजू थोडी सरकली आणि तू ती हातानं परत आणलीस. मला ती माझ्या कमरेतून कळली. रस्ता अंगातून जायला लागला. मी एकोणिसाव्या वर्षी या घरात आले तेव्हापासून कशाला तरी धरून आहे. पदराला, भिंतीला, देवाला. त्या दिवशी मी हात सोडले होते. मी म्हणाले, "अजून जोरात." आठवतं का तुला? नसेल आठवत तर बरं, पण मी म्हणाले. दोनदा म्हणाले.

तुझं म्हणणं खोटं नाही, हे मला आज लिहून द्यावं लागतं. मजा आहे. सांभाळणारं कुणी नसतं तेव्हाच ती येते. मी रोज सकाळी देवीपुढे बसून काय मागते? पाठीशी राहा, घसरू देऊ नको, हेच ना? आणि पाठीशी कुणी नव्हतं त्या दहा-पंधरा मिनिटांत मला जे वाटलं ते मला तिच्यापुढे बसून कधी वाटलेलं नाही. त्या दिवसापासून देवापुढे बसले की मान वर करवत नाही. वाटतं, तिला कळलंय. तिनं हात काढून घेतला तर? माझ्यावरचा काढला तर काढला, मी पन्नाशी बघितली. पण ती माझ्यावरचा कुठे काढते? आईला शिक्षा द्यायची तर देव लेकराकडे बघतो, असं आपली आई म्हणायची. म्हणून मला झोप नाही.

पुढचं वळण बाभळीचं. त्याच्या पलीकडे अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन पसरलेलं, कडेनं दगड मांडलेले. दरवर्षी असतंच. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकानं शेंगा फुटतात, मळणी फुकट होते. मीच कितीदा पसरलंय. मला माहीत होतं की या दिवसांत त्या वळणावर सोयाबीन असतं. तुला पुण्यात राहून विसर पडला असेल. मला नव्हता पडला. मी बोलले नाही, कारण मी हसत होते, आणि तू रस्ता सोडून माझ्याकडे बघत होतास. आक्काला इतकं हसताना तू कधी पाहिलं नव्हतंस, म्हणून.

चाकाखाली दाणे आले आणि गाडी कुणाचीच राहिली नाही. ना तुझी, ना तिची स्वतःची. मागची बाजू पुढे आली. बाभळी एकदा या बाजूनं गेल्या, एकदा त्या. आणि थांबलो तेव्हा काचेपुढे ती सोयाबीनवाली म्हातारी होती, दगडाबाई नाव तिचं, हातात दाताळं, मांडीवर भुसकट, खाली बसलेली. गाडीचं नाक तिच्या गुडघ्यापाशी.

तू उतरलास, तिच्या पाया पडलास. मी बसून राहिले. परत येताना तू एवढंच बोललास, "बटण चालू असतं तर घसरली नसती." मग फाटा आल्यावर, "दाजींना बटणाचं सांगू नको." मी नाही सांगितलं. गाडीही तू बैलगाडीच्या चालीनं आणलीस, म्हणून मला वाटलं की भावाला जे कळायचं ते कळलं.

पण दुसऱ्या दिवशी तू पुण्याला निघालास. मी गच्चीवर वाती वळत बसले होते. फाट्यावर वळताना तू गाडीचं मागचं अंग मुद्दाम झोकलंस. धूळ उडाली. चहाच्या टपरीवरची पोरं शिट्ट्या वाजवायला लागली. तेव्हा कळलं, हे जात नाही. एकदा मरण बघूनही जात नाही. आणि तेच तू निकिताला शिकवणार.

बुधवारी मी दगडाबाईकडे गेले. यांना म्हटलं, दळण टाकून येते. ती अंगणात शेंगा निवडत होती. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "तुमीच का वं त्या लाल गाडीतल्या?"

"हो."

"बसा की. पानी पिता का?"

मी विचारलं, "तुम्हाला लागलं नाही ना कुठं?"

"लागायला काय? गाडी तर आलीच न्हाई अंगावर. पर तुमच्या भावानं मळनी चांगली केली बगा. निम्मं सोयाबीन नालीत, निम्मं फुटलेलं." ती हसली. तिला पुढचे दात नाहीत. मग शेंगा निवडता निवडताच म्हणाली, "म्या म्हनलं, झालं, गेले आता. डोळे मिटावं म्हनलं तर मिटंनात. आन् बगते तर आतली बाई हसायली."

मी एक शेंग उचलून फोडली.

"पयलं वाटलं, बाई येडी हाय. मंग वाटलं, न्हाई. येडी नसंल. मीच दिसंना झाले हिला."

रागानं नाही बोलली. ऊन फार आहे म्हणावं तसं बोलली. मी तिच्या पुढ्यातल्या शेंगा निवडायला बसले. पाणी प्यायलेच नाही. उठताना तिनंच माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "भेलाव का लय?" आता भ्याले होते खरं. तेव्हा नव्हते.

आता जे राहिलंय ते लिहिते. मघापासून त्याच्याभोवती फिरतेय, वळणावळणानं, तुला कळलंच असेल.

दसऱ्याच्या सकाळी मी तुझ्या गाडीची पूजा केली. यांच्या ट्रॅक्टरची करते तशी. गाडीच्या नाकावर तो गोल चकचकीत बिल्ला आहे, मला वाटलं हेच हिचं कपाळ. हळद लावली, त्यावर ओलं कुंकू कालवून तळहातानं मळवट भरला, वर स्वस्तिक काढलं. पुण्यात एवढ्या गाड्यांत फिरणारा माझा भाऊ, म्हणून कुंकू हात राखून नाही घातलं. मी कुठल्याही गोष्टीत हात राखते. त्यातच नाही राखला. उन्हानं ते वाळून रंगासारखं घट्ट बसलं.

देवीला निघताना तू गाडी सुरू केलीस आणि समोरच्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. मी विचारलं, काय झालं? तू हसलास. "आक्का, गाडी म्हनतीय, समोरचं दिसत न्हाई. तुझ्या कुंकवाखाली हिचा डोळा हाय, आपोआप ब्रेक लावणारा." आणि तू उतरलास. सीटमागचं फडकं घेतलंस, पाण्याची बाटली घेतलीस. तू पुसणार होतास, महारुद्रा. बटणं बंद करून फिरणारा तू, पण तो डोळा तू त्या वेळी उघडणार होतास. सणाच्या दिवशी गावातून शेळ्या-पोरं रस्त्यावर असतात, असंही म्हणालास.

आणि मी तुझं मनगट धरलं. म्हणाले, "सवाष्णीच्या घरी, दसऱ्याच्या दिवशी, कुंकू पुसतोस? वेडा आहेस का? आपोआप जाईल तेव्हा जाईल."

तू फडकं ठेवून दिलंस. माझं ऐकलंस. जन्मात कधी ऐकत नाहीस, ते नेमकं ऐकलंस.

परतताना तू ते बोलला नाहीस, पण घरी आल्यावर हात धुताना हळूच म्हणालास, "डोळा उघडा असता तर तिनं म्हातारीला लांबूनच पाहिली असती. मी न्हाई पाहिली." तू स्वतःला दोष देत होतास. मी टॉवेल घेऊन उभी होते. तेव्हाच मी म्हणायला पाहिजे होतं की डोळा मी बंद केला. मी म्हणाले, "चहा घेतोस का?"

ज्या हातानं तुझं भलं व्हावं म्हणून कुंकू लावलं, त्याच हातानं हे झालं. आणि यात देवीची काही चूक नाही. कुंकवाचीही नाही. मी जागा चुकले, आणि कळल्यावरही हटून बसले. तू बटण दाबतोस मजेसाठी, मी मनगट धरलं भक्तीसाठी. दगडाबाईच्या गुडघ्यापाशी दोन्ही एकच झालं.

तर आता मी सांगते. सवाष्ण आहे, शुक्रवार आहे, देवीसमोर बसून लिहितेय. ते कुंकू पूस. अजून असेल तर आज पूस. आपोआप जायची वाट बघू नको. हात जोडायची गरज नाही, माफी मागायची गरज नाही, नुसतं ओलं फडकं घे. त्याचं जे काही पाप असेल ते माझ्या नावावर.

बटणाचं मात्र मी हुकूम करून भागणार नाही, हे मला कळतं. मी नको म्हणेन आणि तू हो म्हणशील, निकिता हो म्हणेल, आणि घाट लागला की दोघं हसाल. मला ते हसू माहीत आहे. ते आतून येतं, त्यात कुणी दिसत नाही. तू म्हणतोस ना, मोकळ्या मैदानात गोल रस्ता बांधलाय तिकडे, जिथे फक्त गाड्याच चालवतात, माणूस नाही, शेळी नाही, सोयाबीन नाही? तिथे जा. तिथे सगळं बंद कर. तिची हौस तिथे फेड. ती मजा खोटी आहे असं मी म्हणत नाही, म्हणू शकत नाही. पण रस्त्यावर तू एकटा नसतोस. जेवताना "मी एकटाच असतो" म्हणालास तेव्हाही मी तुझ्या पानात पोळी वाढत होते.

निकिताला वाटतं तिची आई भित्री आहे. मी नको म्हटलं तर ती म्हणेल, आई तर दिव्याच्या ज्योतीलाही भिते. म्हणून असं कर. तिला गाडीत बसवण्याआधी हे पत्र तिच्या हातात दे. मधली पानं काढून ठेवू नको. मी "अजून जोरात" म्हणाले तेही वाचू दे, दगडाबाई काय म्हणाली तेही, आणि मी तुझं मनगट धरलं तेही. तिच्या डोळ्यांतून मी उतरले तर उतरू दे. ती वाचेपर्यंत गाडी सुरू करू नको, तिच्याकडे बघत बस. मग तुम्ही दोघं मिळून ठरवा बटणाचं. मी फोन करणार नाही. तूही करू नको, कारण फोनवर तू नुसतं "आक्का, बंद करू का?" असं विचारलंस, तरी मी काय म्हणेन याचा मला भरवसा वाटत नाही.

यांनी तुला नमस्कार सांगितला आहे. पत्रात काय आहे ते त्यांना माहीत नाही. भाऊबीजेला ये. कशानंही ये. ये.

त्या दिवशी तुझ्या शेजारी बसून हसलेली
तुझी आक्का
राजेश्री